किलोमागे किती सुटतात?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उन्हाळी कामांचे दिवस आले की पत्रांत पापडच पापड असतात. यंदाही तसंच आहे. पण पोस्ट, भिशी, पिको-फॉल आणि विजेच्या बिलाचीही पत्रं आली आहेत. एकाच विषयाची बरीच पत्रं होती, तिथे त्यातलं एक निवडून उत्तर दिलं आहे.

प्रश्न: मी उडदाचे पापड करून ओळखीच्यांना 320 रुपये किलोने देते. डाळ, पापडखार, हिंग, मिरी, मीठ मिळून किलोच्या पिठाला 165 रुपये खर्च येतो, म्हणजे निम्मे पैसे सुटायला हवेत. प्रत्यक्षात हातात काही उरल्यासारखं वाटत नाही. शिवाय या वेळी पापड भाजल्यावर लालसर झाले आणि दोन गिऱ्हाइकांनी नावं ठेवली. (एक वाचक, कराड)

उत्तर: आधी हिशेब, मग लाल रंग.

165 मध्ये तुम्ही जिन्नस धरले, पण गिरणीचं दळण, कुटताना लागणारं तेल, लाटायची पिठी, पिशवी आणि चिठ्ठी राहून गेली. हे सगळं मिळून किलोला 40 रुपयांच्या घरात जातं. खर्च झाला 205. किलो पिठाचे वाळलेले पापड किलोपेक्षा जरा जास्त उतरतात, पण तुटके, वाकडे आणि घरात चाखलेले वजा केले की विकण्याजोगा माल किलोभरच राहतो. (पापड करायच्या दिवशी डांगर खायला घरात किती जण टपलेले असतात तेही धरा. चार लाट्या तेलात बुडवून गेल्या की 60 ग्रॅम गेलं.) म्हणजे 320 मधून 115 उरले.

आता घड्याळ बघा. पाणी उकळून पीठ भिजवणं अर्धा तास, कुटणं अर्धा तास, लाट्या पाडणं पाव तास, शंभर पापड लाटणं दोन तास, वाळत घालणं, उलटणं आणि भरणं पाऊण तास. चार तास झाले. तासाला 29 रुपयेसुद्धा पडत नाहीत. हातात काही उरत नाही असं जे वाटतं, ते खरंच आहे.

इथे दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे किलोचा भाव सांगणं बंद करा. पाव किलोची पिशवी 105 रुपयांना द्या. शहरातल्या चौकोनी कुटुंबाला किलोभर पापड एकदम नकोच असतात आणि 105 हा आकडा 420 इतका डोळ्यावर येत नाही. पिशव्यांचा खर्च दहा रुपयांनी वाढेल. दुसरं म्हणजे वेळ कापा. लाटी आधी पुरीच्या प्रेसमध्ये, तेल लावलेल्या दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून तळव्याएवढी करून घ्या आणि मग लाटा. एका वेळी किलोऐवजी दोन-तीन किलोंचं पीठ भिजवलंत तर उकळण्या-भिजवण्याचा वेळ वाटला जातो. किलोमागे अर्धा तास सहज वाचतो. मग 420 वजा 215, म्हणजे 205 रुपये, साडेतीन तासांत. तासाला 58. अजूनही फार नाही, पण दुप्पट आहे.

आता रंग. भाजल्यावर लालसर होतो आणि जिभेला साबणासारखा लागतो तो पापड जास्त खाराचा. किलो पिठाला 35 ग्रॅम पापडखार, 50 ग्रॅम मीठ, 20 ते 25 ग्रॅम जाडसर कुटलेली मिरी आणि 10 ग्रॅम हिंग हे प्रमाण धरा. चमच्याने मोजू नका, वजन करा. खडा पापडखार आणि दळलेला पापडखार यांचा चमचा सारखा भरत नाही आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो. मीठ आणि खार 400 मिलि पाण्यात उकळून पूर्ण गार करा, गाळा आणि त्यातलं थोडं थोडं घालत पीठ घट्ट भिजवा. सगळं पाणी लागेलच असं नाही. जुन्या डाळीचं पीठ जास्त पाणी पितं, नव्या डाळीचं कमी. दोन-तीन तास झाकून ठेवा, मग तेलाचा हात लावून कुटा. पीठ कधी झालं ते असं ओळखा: एक गोळा दोन्ही हातांनी ताणला की तो तुटण्याऐवजी लांबतो आणि रंग पिवळट-करड्यावरून पांढरटाकडे झुकतो. मग लांब वळी करून दोऱ्याने लाट्या पाडा. सुरीने कापल्या तर कड दबते आणि पापड गोल लाटला जात नाही. लाटी 15 ग्रॅमची. लाट्या तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात ठेवा. वरून सुकलेल्या लाटीच्या पापडाला कडेला चिरा पडतात. कमी कुटलेल्या पिठाचंही तेच होतं.

उडदाचा पापड सावलीतच वाळवायचा. कडक उन्हात टाकला तर एक बाजू आधी आकसते, पापड द्रोणासारखा वाकतो आणि पिशवीत भरताना तुटतो. दिवसभर घरात कापडावर, मध्ये एकदा उलटून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं तास-दीड तास कोवळं ऊन पुरे. उन्हातून आणलेले पापड गरम असताना पिशवीत भरू नका. आत वाफ धरते आणि पंधरा दिवसांत बुरशी येते. पिठी लाटताना भरमसाट वापरली असेल तर भरण्याआधी सुक्या फडक्याने झटका. तीच पिठी कढईत जळते, तेल काळं होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, पापड खराब.

ओळखीबाहेर पिशव्या विकायला लागलात की अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. घरगुती छोट्या व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. शुल्क वर्षाला 100 रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. मिळणारा 14 आकडी क्रमांक पिशवीवर छापायचा. सोबत जिन्नस, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावे, तुमचा पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण. दुकानदार तुमचा माल ठेवून घेताना हेच आधी बघतो.

प्रश्न: साडीला फॉल लावून देते. एका बाईंनी साडी धुतल्यावर परत आणली. काठ चुण्या पडून वर आला होता आणि त्या साडीचे पैसे मागत होत्या. चूक कुणाची? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: बहुधा फॉलची आणि फॉल न भिजवता लावणाऱ्याची. सुती फॉल पहिल्या पाण्यात आटतो, सिंथेटिक साडी आटत नाही. अडीच-पावणेतीन मीटरच्या फॉलला दोन बोटं आटायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्या लांबीची साडी मग चुण्या होऊन बसते. उपाय फुकटचा आहे. आणलेले सगळे फॉल रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा आणि इस्त्री करून गुंडाळून ठेवा. लाल, मरून, गडद निळे वेगळे भिजवा. पाण्याला रंग सुटला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर तोच रंग पुढे फिक्या काठावर उतरतो.

दुसरं कारण शिवणीतलं. फॉल ताणून धरून मशीन मारली तर न धुताही चुण्या येतात. साडी टेबलावर किंवा जमिनीवर सपाट पसरा. फॉल मध्यावर टाचा आणि मग दोन्ही टोकांकडे टाचण्या लावत जा. एका टोकापासून सुरू केलं की शेवटी फॉल उरतो किंवा अपुरा पडतो आणि हात आपोआप ताण देतो. फॉलची खालची कड साडीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा, म्हणजे बाहेर डोकावत नाही. खालची कड मशीनवर चालेल, त्यासाठी पातळ कापडाला 11 नंबरची सुई लावा. वरची कड मात्र हातशिलाईनेच. साडीचा एकेकच धागा उचलायचा, टाके अर्ध्या इंचावर, दोरा सैल. रेशमी साडीला दोन्ही कडा हातानेच.

नव्या हाताकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फॉल भलत्याच काठाला लावणं. साडीची उजवी बाजू वर ठेवून पसरा. खोचायचं साधं टोक तुमच्या डाव्या हाताला आणि पदर उजव्या हाताला. तुमच्या जवळचा काठ तो खालचा, फॉल त्यालाच, उलट बाजूने. डावीकडच्या टोकापासून एक वीत सोडून सुरुवात करा. पण त्याआधी ब्लाउजपीस कुठे आहे ते बघा. काही साड्यांना तो त्याच टोकाला असतो. तो कापायच्या आधी फॉल लावला तर अर्धा फॉल ब्लाउजपीसवर जातो आणि सगळं उसवावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर फॉल काढून नवा, भिजवलेला फॉल फुकट लावून द्या. काठ इस्त्रीने बसतो. साडीची किंमत देण्याचा प्रश्न येत नाही. यापुढे साडी घेताना उजेडात उघडून बघा. डाग, विरलेली जागा, सुटलेली जर दिसली तर चिठ्ठीवर लिहा, बाईंना दाखवा आणि ती चिठ्ठी साडीलाच टाचा.

प्रश्न: पेन्सिली पॅक करायचं घरबसल्या काम, महिन्याला 30,000 रुपये, अशी जाहिरात मोबाइलवर आली. नोंदणीचे 650 रुपये भरले. आता ओळखपत्राचे आणि कुरिअरचे मागत आहेत. भरू का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: एक पैसाही भरू नका. आता मागतात ते दिले तर पुढे जीएसटीचे मागतील, मग करार मोडल्याची नोटीस पाठवून घाबरवतील. त्या नोटिशीला काही अर्थ नाही. पेन्सिली कारखान्यातच यंत्रावर डब्यांत भरल्या जातात. सुट्या पेन्सिली तुमच्या घरी पाठवून, भरून, परत नेण्याचं भाडं त्या पेन्सिलींच्या किमतीपेक्षा जास्त होईल, हा साधा हिशेब आहे. कंपनीचं नाव खरं असतं, जाहिरात देणारा खोटा असतो.

1930 या क्रमांकावर आजच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ आणि ज्याला पैसे गेले तो यूपीआय पत्ता हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्हिडिओ लाइक करा आणि पैसे मिळवा, या कामाचंही असंच आहे. तिथे सुरुवातीला दीड-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात आणि माणूस भुलतो. मग जास्त मोठं काम घ्यायला आधी रक्कम भरायला सांगतात. आणि हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत.

प्रश्न: शिकवण्या आणि शिवणातून महिन्याला 500-600 रुपये बाजूला पडतात. वाड्यातल्या बायकांची 500 रुपयांची बारा जणींची भिशी आहे. तिच्यात जाऊ की पोस्टात आरडी काढू? घरात ठेवले तर डब्यातच खर्च होतात. (एक वाचक, बडोदा)

उत्तर: दोन्ही वेगवेगळ्या कामाच्या आहेत.

चिठ्ठी काढायची भिशी म्हणजे बारा महिने 500 रुपये भरायचे आणि एकदा 6,000 उचलायचे. पहिल्या चिठ्ठीवालीला बिनव्याजी कर्ज मिळालं, शेवटच्या चिठ्ठीवालीने बिनव्याजी कर्ज दिलं. शेवटी नंबर लागला तर तुमचं नुकसान किती? तेच पैसे आरडीत असते तर वर्षाचं साधारण 220 रुपये व्याज झालं असतं. वर्षभर नेमाने पैसे बाजूला पडण्याची ही फी समजलात तर ती फार नाही. खरी भीती व्याजाची नाही, लवकर उचलून नंतर भरणं थांबवणारीची. म्हणून ज्या बाईचं घर तुम्हाला माहीत नाही ती असलेल्या भिशीत जाऊ नका. वहीत दरमहा प्रत्येकीची सही घ्या आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर काढा. बोलीची भिशी टाळाच. तिथे अडलेली बाई 6,000 चे 5,000 घ्यायला तयार होते, उरलेले बाकीच्या वाटून घेतात, आणि फायदा दिसतो म्हणून अनोळखी माणसं शिरतात. नोंदणीकृत चिट फंडांना 1982 च्या कायद्याचा धाक आहे. वाड्यातल्या भिशीत पैसे बुडाले तर दाद मागायला तुमच्याकडे वहीतल्या सह्या सोडून काही नसतं.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची. हप्ता किमान 100 रुपये, पुढे दहाच्या पटीत. सध्याचा दर 6.7 टक्के. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, पण खातं उघडताना असलेला दर पाचही वर्षं राहतो. 500 रुपये दरमहा म्हणजे 30,000 भरून 35,683 मिळतात. खातं महिन्याच्या 15 तारखेच्या आत उघडलं तर पुढचे हप्ते दरमहा 15 पर्यंत, 16 पासून पुढे उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. तुमच्या शिकवण्यांची फी पहिल्या आठवड्यात येत असेल तर आधीच्या पंधरवड्यात उघडा, म्हणजे पैसे हातात असतानाच हप्ता जाईल. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, तुमच्या बाबतीत महिन्याला पाच. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं आणि ते जिवंत करायला दोन महिनेच मिळतात. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं. तीन वर्षांनी मध्येच बंद करता येतं, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे 4 टक्क्यांनी.

आमचा सल्ला ऐकाल तर 500 ची एक आरडी काढू नका. 300 ची एक आणि 200 ची एक काढा. मुलीची फी, दवाखाना असं काही निघालं तर 200 ची मोडा. मोठी शाबूत राहते. एकच खातं असलं की सगळ्याचंच व्याज घसरतं. आणि महिना 600 सुटतात म्हणून 600 चा हप्ता ठेवू नका. मे महिन्यात शिकवण्या बंद असतात, तेव्हा काय भराल?

एजंटकडून भरत असाल तर त्यांचं कमिशन सरकार देतं, तुम्ही वेगळं काही द्यायचं नाही. एजंटच्या कार्डावरची सही म्हणजे पोस्टात जमा झाल्याची पावती नव्हे. दोन-तीन महिन्यांनी स्वतः जाऊन पासबुकात नोंद पडली का ते बघा.

प्रश्न: आमच्या बचत गटात अंतर्गत कर्जाला दरमहा 2 टक्के व्याज आहे. एक वित्त कंपनी वर्षाला 18 टक्के म्हणते. गटाचं महाग नाही का? (एक वाचक, पेण)

उत्तर: व्याज कशावर लावतात ते विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. 10,000 रुपये दहा महिन्यांत फेडायचे असं धरा. गट उरलेल्या रकमेवर व्याज लावत असेल तर पहिल्या महिन्यात 200, मग 180, 160 असं उतरत शेवटी 20. एकूण 1,100 रुपये. कंपनीचे 18 टक्के मूळ रकमेवर शेवटपर्यंत असतील, ज्याला फ्लॅट म्हणतात, तर दहा महिन्यांचे 1,500 होतात. शिवाय प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापतात, म्हणजे हातात 10,000 येतच नाहीत. गटाला दिलेलं व्याज गटाच्याच खात्यात राहतं आणि वाटप झालं की त्यात तुमचाही वाटा असतो. उद्या गट 2 टक्के मूळ रकमेवरच लावायला लागला तर मात्र 2,000 होतील. बैठकीत विचारा आणि ठरलेलं इतिवृत्तात लिहून घ्या.

प्रश्न: एलईडी दिवे लावून झाले. वीजबिल अजून कमी करायला कमी खर्चात काय करता येईल? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: छताचा पंखा. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा 30 च्या आसपास. जळगावचा उन्हाळा बघता रोज 16 तास धरा. 45 वॅट गुणिले 16 म्हणजे रोज 720 वॅट-तास, महिन्याला साडेएकवीस युनिट.

याचे रुपये किती, ते बिलावर बघा. घरगुती बिल टप्प्यांत असतं: पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 बरीच महाग, पुढे आणखी. वाचलेली युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात. तुमचा वापर 90 युनिट असेल तर पंखा बदलण्याची घाई नको, किंमत वसूल व्हायला फार दिवस लागतील. 130 असेल तर मात्र ही साडेएकवीस युनिट महागातली आहेत. वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचा कर मिळून तिथे युनिटला समजा 12 रुपये पडत असतील, तर महिन्याला 258 वाचतात आणि 3,000 चा पंखा साधारण एका वर्षाच्या वापरात फिटतो. घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी. बहुतेक घरांत तो झोपायच्या खोलीतला असतो, पाहुण्यांच्या बैठकीतला नव्हे.

बसवणाऱ्याला सांगून भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्या. बीएलडीसी पंख्याचा वेग रिमोटवर बदलतो. मध्ये जुना रेग्युलेटर राहिला तर पंखा गुणगुणतो, मध्येच थांबतो आणि आतलं सर्किट जळू शकतं. खरेदीच्या पावतीवर वॉरंटीची वर्षं दुकानदाराकडून लिहून घ्या.